जुडी कोणाच्या हाती

अकोल्याहून निघालेली एसटी पातूरच्या पुढे घाट चढायला लागली आणि मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर माझं गाणं लावलं. ‘माझं’ हा शब्द हातून सवयीनं गेला. तो खोडत नाही. हे सगळं लिहायला बसलोय ते त्या एका शब्दापायीच.

गाणं तुम्हीही ऐकलं असेल. वरातीत, हळदीच्या कार्यक्रमात, गणपतीच्या मांडवात, आणि आता तर मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, ज्यांवर पोरी आरशासमोर नाचतात. ‘मेथी गं मेथी, दवात भिजली, जुडी कोणाच्या हाती?’ आणि त्यावर, ‘साजनाच्या हाती गं, साजनाच्या हाती.’ खाली धडाधडा ठेका. गीत आणि संगीत म्हणून जे नाव झळकतं ते माझं. गीत मी लिहिलेलं नाही, चालही माझी नाही. साजन तेवढा माझा.

बाहेर घाटातला साग पिवळा पडत होता. घाट सरला तशा तुरी दिसायला लागल्या, मध्येच वेचणी चाललेली पऱ्हाटी (कपाशी), आणि सोयाबीन निघून गेलेली मोकळी काळी रानं. एरवी मी अशा वेळी वही काढतो. प्रवासावर लिहिणं ही माझी हौस. पोटाचा धंदा ध्वनिमुद्रणाचा. त्या दिवशी वही पिशवीतच राहिली. हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह होता.

अकरा वर्षांपूर्वी याच रस्त्यानं मी शिरपूर जैनला गेलो होतो. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला तिथल्या देवळावर भक्तिगीतं करायची होती, त्यासाठी घंटेचे, आरतीचे आवाज टिपायचे होते. एका सकाळी गावाबाहेर फिरायला निघालो, तर विहिरीजवळच्या वाफ्यावर चार बाया मेथी उपटून जुड्या बांधत बसल्या होत्या आणि गात होत्या. पुढे गाणारी होती कौसाबाई. मळा तिचा. त्या गाण्याची रीत अशी, की तिनं विचारायचं, जुडी कोणाच्या हाती? बाकीच्यांनी वाफ्यावर बसलेल्या एकीचं नाव घ्यायचं. जिचं नाव येईल तिनं आपली बांधलेली जुडी मधल्या ढिगावर टाकायची. सगळ्यांची नावं येईपर्यंत फेरी पुरी होत नाही. एखादीचं राहून गेलं तर तिची जुडी तिच्या हातातच राहते, आणि मग दिवसभर तिची समजूत काढावी लागते.

मी खिशातलं यंत्र काढून नऊ मिनिटं ते गाणं टिपलं. उठताना म्हणालो, मावशी, गाण्यावर तुमचं नाव टाकीन.

“माहं एकलीचं कायले?” कौसाबाई म्हणाली. “वाफ्यावर जेवढ्या हायत तेवढ्या साऱ्याईची नावं राहू द्या.”

मी हो म्हणालो.

पुण्यात तेव्हा माझ्या स्टुडिओला घरघर लागली होती. सीडी कुणी घेत नव्हतं. पण घरबसल्या गाणं जगभर पाठवायची सोय नुकतीच हाताशी आली होती. पूर्वी कॅसेट कंपनीच्या दारात तासन्‌तास बसावं लागे, पण तिथं निदान एक माणूस चष्म्यावरून बघत विचारायचा, गाणं कोणाचं? आता पडद्यावर एक चौकोन होता. मूळ रचना तुमचीच आहे ना? असेल तर बरोबरची खूण करा. माणसासमोर खोटं बोलताना माझी जीभ अडली असती. चौकोनासमोर बोट अडलं नाही. नावं मी काढून टाकली, कारण गोदी, सुभी आणि जमिला यांच्यावर पुण्या-मुंबईत कोण नाचणार असं मला वाटलं. तिथं साजन बसवला, पुण्यातली एक मुलगी गायला घेतली, आणि गाणं सोडून दिलं. ते इतकं चालेल असं मलाही वाटलं नव्हतं.

मागच्या बाकावरचं गाणं तीनदा वाजलं. मी मागे वळून बघितलं नाही.

मालेगावला (हे वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडच्याशी गल्लत नको) उतरलो. शिरपूरच्या गाडीला वेळ होता. समोर काळीपिवळी (सीटवर चालणारी जीप) भरत होती. ड्रायव्हर ओरडत होता, मी जाऊन बसलो. कुठली जीप, विचारलं नाही. गाव मागे पडल्यावर त्यानंच आरशातून विचारलं.

“कुठं उतरसान, काका?”

“शिरपूर.”

“मंग इकडं काहून बसले? हे किन्हीराजाले चालली. शिरपूर तर पार तिकडं राह्यलं.”

“चालेल,” मी म्हणालो.

तो बघतच राहिला. शेजारी मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, “चालन म्हंते पाय. घरून भांडून निंघाला वाटते मानूस.” सगळी जीप हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. शिरपूर तासा-दोन तासांनी लांबलं होतं.

किन्हीराजाला उतरून टपरीवर बसलो. गरम भजी, बरोबर तळलेली मिरची, आणि साखरेचा पाक म्हणावा असा चहा. टपरीवाल्यानं विचारलं, “पावने कोनाच्या घरी?” कोणाच्याच नाही, म्हणालो. “मंग भजे अजून घ्या,” तो म्हणाला.

तिथं बसून मी स्वतःला एक गोष्ट सांगून पाहिली, जी आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती. वर जे लिहिलं ते अर्धं आहे. गाणं उचलणारे या धंद्यात मी एकटा नाही. त्याची लाज वाटायची, पण झोप लागायची. उरलेलं अर्धं असं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी संगणकावर निरोप आला, की तुमच्या गाण्याशी जुळणारे तीन व्हिडिओ एका चॅनेलवर आलेत. काय करायचं ते सांगा. मी पहिला उघडला. लुगड्यातली एक म्हातारी, पुढ्यात मेथीचा ढीग, मागे विहीर. मी तिला पहिल्या क्षणी ओळखलं. लोकांनी हे ऐकलं तर विचारतील, की मग हा अरुण कोण, ज्याचं नाव गाण्यावर आहे? एवढीच भीती. मी तिन्ही व्हिडिओंवर हरकत नोंदवली, काढून टाका म्हणून. एकामागून एक. तीन हरकती झाल्या की ते चॅनेलच बंद होतं, हे मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत ते बंद झालं.

यंदा स्टुडिओ विकायला काढला. जुन्या डिस्क तपासताना ती नऊ मिनिटं सापडली. इतक्या वर्षांत ती मी शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याचं तिकीट काढलं. कौसाबाईच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं, असं ठरवून निघालो होतो. आणि आता किन्हीराजात भजी खात होतो.

शिरपूरला पोचेपर्यंत दुपार कलली. स्टँडवर यात्रेकरूंच्या दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. पांढऱ्या वस्त्रांतली राजस्थानी-गुजराती मंडळी देवळाकडे निघाली होती. इथली पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे असं मानतात. मागच्या खेपेला पुजाऱ्यानं मूर्तीखालून कापड सरकवून दाखवतात तेही सांगितलं होतं. या वेळी मी बाहेरूनच हात जोडले. धर्मशाळेत खोली मिळाली. तिथं कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. पिशवी टाकून बाजाराच्या गल्लीत शिरलो आणि एका मोबाइलच्या दुकानात कौसाबाईचं घर विचारलं.

त्या दुकानाची पाटी बघण्यासारखी होती. पत्र्यावर आधी रंगवलेलं, ‘भजन, कव्वाली, कॅसेट भरून मिळेल’. त्यावर निम्मं झाकणारं फ्लेक्स, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. त्यावर चिकटवलेला कागद, ‘रिचार्ज, आधार, व्हिडिओ वर टाकून मिळेल’. खालचं काहीच कुणी काढलेलं नव्हतं. आत साधारण माझ्याच वयाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

“पुन्याहून आले नं? अरुणभाऊ नं तुमी?”

मी मान हलवली.

“मी रफिक. माही माय जमिला, तुमच्या त्या टेपमंधी हाय. बसा. च्या सांगतो.” मग काउंटरवरचा कपडा उगाच झटकत म्हणाले, “कौसामावशी नाई राह्यल्या, भाऊ. दोन पावसाळे झाले.”

मी बसलो. चहा आला, तो बोलत बोलत प्यायलो, म्हणजे बोलत ते होते.

गाणं माझ्या नावानं आलं हे गावाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. “मीच कार्डात भरून देल्लं नं सगळ्याईले,” रफिकभाई म्हणाले. “मावशीले आनून आयकवलं. हसल्या. म्हने, त्यानं नाव टाकतो म्हनलं होतं. टाकलं, पर सोताचंच टाकलं. आता ते जाऊ द्या भाऊ, म्या काय कमी गाने भरले लोकाईचे? कोनाले इचारलं होतं? पयले गानं इकत न्यायचे, मंग भरून न्यायचे, आता तर नुसतं बोटानं सरकवते. गान्याले वजनच नाई राह्यलं. त्याच्यात कोनाचं कोन पाहते.”

“त्यांना राग आला नाही?”

“राग नाई. एकच डोक्यात घेतलं त्याईनं. म्हने, रफिक, नावं कुठं गेली? बिननावाचं गानं साऱ्या मुलखात फिरून राह्यलं, म्हंजे आमच्या साऱ्याईच्या जुड्या हातातच राह्यल्या. म्हनून मंग रेखीनं, त्याईच्या पोरीनं, फोनवर मावशीच्या गान्याचा व्हिडिओ काढला. तीन डाव काढला. साऱ्याईची नावं घेऊन. चॅनेल मीच काढून देल्लं, म्याच वर टाकलं.”

ते थांबले. काउंटरच्या काचेखाली जुनी मेमरी कार्डं मांडलेली होती, त्यांच्याकडे बघत राहिले.

“फोन भरला होता तिचा. मी म्हनलं, रेखा, आता वर टाकलं नं, मंग फोनातलं कायले ठेवतं, पुसून टाक. जगभर हाय ते आता, कुठं जाते? म्याच पुसलं, ह्या हातानं. अन्‌ महिनाभरात सारं चॅनेलच उडालं. मंग मावशी गेल्या. आता रेखीपाशी मायचा आवाज म्हनून कायीच नाई. म्या उभ्या जल्मात दुसऱ्याईचे गाने भरून ठेवले भाऊ. अन्‌ घरचं एक ठेवता नाई आलं.”

मी कप खाली ठेवला.

“ते मशीन करते म्हनते नं?” त्यांनी विचारलं. “गानं जुळलं का आपोआप काढून टाकते. तुमाले तर माहीत असन.”

ते माझ्याकडे बघत होते. दार उघडं होतं, रस्त्यावरून बकऱ्या चालल्या होत्या, काही घाई नव्हती. सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

“हो,” मी म्हणालो. “मशीनच करतं ते.”

त्यांनी मान डोलावली. सकाळी मळ्यात घेऊन जातो म्हणाले, आणि चहाच्या कपांना हात लावू दिला नाही.

सकाळी उजाडता उजाडता ते धर्मशाळेच्या फाटकाशी आले. कानाला मफलर, हातात एक छोटा स्पीकर. मी पेन ड्राइव्हचं आदल्या दिवशी निघताना सांगितलं होतं. गावाबाहेरचा तोच रस्ता. विहिरीवर आता मोटार होती, वाफ्यांत ठिबकच्या नळ्या. मेथी मात्र तशीच, दवानं पांढुरकी. रेखा पोत्यावर बसली होती. चाळिशीची, आईसारखीच रुंद कपाळाची. तिच्याजवळ गोदाबाई, शेजारच्या मळ्यातली मंदा, आणि वाकून अर्धी झालेली जमिलाबी, रफिकभाईंची आई. मालेगावच्या बाजाराला जाणारा ऑटो यायचा होता, त्यामुळे कुणाचे हात थांबले नाहीत.

“ये भाऊ, बैस,” जमिलाबी म्हणाल्या. “केस गेले तुहे.”

“तुमचे तरी कुठं राह्यले, चाची?” मंदा म्हणाली.

रेखानं मला भाकर, ठेचा आणि घोळाना (कच्ची मेथी, कांदा, तिखट, वरून कच्चं तेल) वाढला. स्वतः पुन्हा मेथीकडे वळली. मी दोन घास खाल्ले. मग पेन ड्राइव्ह काढून तिच्यापुढे धरला. म्हणालो, “आईंचं गाणं आहे यात. तेव्हाचं. नऊ मिनिटं, सगळं.”

तिनं ओले हात पदराला पुसले आणि तो घेतला. रफिकभाईंनी स्पीकरला लावला.

आधी नुसती विहिरीवरच्या पाखरांची चिवचिव आली. मग कौसाबाईचा आवाज. मेथी गं मेथी, दवात भिजली. बायांचे हात तेव्हा थांबले. जुडी कोनाच्या हाती? गोदीच्या हाती गं, गोदीच्या हाती. गोदाबाई स्वतःशीच म्हणाली, “मीच हो ते.” सुभीच्या हाती. “सुभी आता वाशीमले हाय, पोराकडं,” मंदा हळूच म्हणाली. जमिलाच्या हाती. कौसीच्या हाती. मला पुढे काय आहे ते माहीत होतं. मी जमिनीकडे बघत बसलो.

फेरी संपली होती, पण टेपमधली कौसाबाई थांबली. तिचा आवाज आला, “अन्‌ भाऊ, तुमचं नाव काय?” आणि त्यावर माझा, अकरा वर्षांनी तरुण, “अरुण.” सगळ्या हसल्या. मग तिनं गायलं, जुडी कोनाच्या हाती? अरुनभाऊच्या हाती गं, अरुनभाऊच्या हाती. कुणीतरी माझ्या हातात जुडी दिली असणार, ती ढिगावर पडल्याचा बारीक आवाज टेपमध्ये आहे. आणि सगळ्यात शेवटी पुन्हा मी. मावशी, गाण्यावर तुमचं नाव टाकीन. तिचं उत्तर. माझं हो.

नऊ मिनिटं संपली. रेखानं डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच वाहू दिलं. जमिलाबींनी हात वर करून काहीतरी पुटपुटलं आणि तो माझ्या डोक्यावर ठेवला. “आवाज आनून देल्ला तिचा. अल्ला तुहं भलं करो, बापू.”

तो हात डोक्यावर असतानाच मी म्हणालो, “ते व्हिडिओ मशीननं काढून टाकले नव्हते. मी काढून टाकायला लावले.”

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. निरोप आला होता. काय करायचं ते मला विचारलं होतं. मी काढा म्हणालो.

जमिलाबींनी हात काढून घेतला, रागानं नव्हे, कळलं नाही म्हणून. त्या लेकाकडे बघायला लागल्या.

रेखानं विचारलं, “कोन हाय ते माहीत होतं तुमाले?”

“हो.”

“पाह्यलं होतं?”

“पहिला पाहिला. दुसरे दोन उघडलेही नाहीत.”

“आवाज लावून पाह्यला?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. “नाही,” मी म्हणालो. “आवाज बंद करून.”

तिनं मान हलवली, जसं काही तिला एवढंच हवं होतं. रफिकभाई स्पीकरची वायर गुंडाळत होते. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिले.

“मले वाटे माह्यानंच झालं,” ते म्हणाले. “तीन वर्स ह्या रेखीच्या दारावरून जाताना मान खाली घालून गेलो मी.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काल इचारलं होतं म्या. काल सांगता आलं असतं तुमाले.”

गाणं चोरल्याची, व्हिडिओ काढून टाकल्याची लाज जुनी होती, तिची सवय झाली होती. ही आदल्या दिवसाची होती, चहा प्यायलेली. मी पैशाचं काहीतरी बोलायला गेलो. रेखा म्हणाली, “ऑटो येईन आता,” आणि मेथी पुढे ओढली.

सगळे बांधायला लागले. रफिकभाईही मांडी घालून बसले. मला उठ असं कुणी म्हणालं नाही, बस असंही नाही. पुढ्यात मेथी होती, सुतळीचे तुकडे होते. मी एक जुडी बांधायला घेतली. मुळं एका बाजूला येईनात, पानं निसटत होती. मंदानं बघितलं आणि हसू आवरलं. कशीबशी जुडी झाली.

रेखानं गाणं सुरू केलं. आईपेक्षा पातळ आवाज, पण उचलण्याची रीत तीच. जुडी कोनाच्या हाती? गोदाबाई म्हणाली, मंदीच्या हाती. मंदाची जुडी ढिगावर पडली. मग गोदी. मग जमिला, म्हातारीचा नेम चुकला, जुडी बाहेर पडली, रफिकभाईंनी उचलून आत टाकली. मग रफिकच्या हाती. मग सगळ्यांनी मिळून रेखीच्या हाती. रेखानं आपली जुडी टाकली, एक क्षण ढिगाकडे बघितलं, आणि टोपली जवळ ओढून जुड्या भरायला लागली.

वाफ्यावर आम्ही सहा जण होतो. नावं पाच झाली.

ऑटो येऊन टोपल्या गेल्यावर रेखा माझ्याजवळ आली. “मी हे वर टाकीन. मायचं, नावांसगट. पुन्हा काढसान काय?”

“नाही.”

“लिहून द्या.”

रफिकभाईंच्या पावतीपुस्तकातल्या कागदावर मी लिहून दिलं, की हे गाणं शिरपूरच्या कौसाबाई आणि त्यांच्याबरोबर वाफ्यावर बसणाऱ्या बायांचं आहे, ते माझं म्हणून मी खोटं लिहिलं, आणि तीन व्हिडिओ मी जाणूनबुजून काढून टाकायला लावले. खाली सही केली. तिनं ते वाचलं आणि फोनवर त्याचा फोटो काढला. मग रफिकभाईंकडे वळून म्हणाली, “ह्या डाव फोनातलं नाई पुसत आपन.”

“दोन फोनात ठेवू,” ते म्हणाले. “अन्‌ दुकानात एक.”

निघताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, “त्या टेपमध्ये शेवटी माझं नाव आहे. ते कापून देतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

रेखानं थोडा विचार केला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मायनं घेतलं होतं, मी कायले काढू? तिनं घेतलं तुमचं नाव. मी नाई घेत, एवढंच.”

परतीची गाडी बरोबर मिळाली. मालेगावला बदलली, मेडशी गाव मागे पडलं, घाट उतरलो. अकोल्याला स्टेशनवर बाकड्यावर बसून गाणं पोचवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, सगळी नावं घालून. तिन्ही हरकती मागे घेतल्या. पंधरवड्यानं गाण्यावरचं नाव बदललं, बंद झालेलं चॅनेल मात्र परत आलं नाही. पण लोकांच्या फोनांत जे तुकडे आधीच गेलेत, ज्यांवर कुणी कुणी आपापले ठेके चढवले, त्यांच्यावर माझंच नाव आहे, आणि ते तसंच फिरत राहील. त्या एका चौकोनात खूण करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ती परत घेता येत नाही. जी गोष्ट बाहेर जायला कुणाच्या दारातून जावं लागत नाही, ती परत आणायलाही कुठलं दार सापडत नाही. कौसाबाईचं गाणं आता वर आहे. नऊ मिनिटांचं, पाखरांसकट. ऐकणारे थोडे आहेत. मी रोज बघतो, वाढले का.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा बायकोनं पिशवी रिकामी करायला घेतली. कपड्यांखालून तिनं मेथी काढली. वाकडीतिकडी बांधलेली, प्रवासानं पिवळी पडलेली, मुळांची माती तिच्या हाताला लागली.

“इतक्या लांबून एकच जुडी?” ती म्हणाली. “आणि अशी कोणी बांधली?”

मी म्हणालो, बस, सांगतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तिला मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. ती जुडी हातात धरूनच समोर बसली. सांगून होईपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही, आणि झाल्यावर उठून माझ्या हातात दिली.